आटलेले पाणी

एकदा एक शिष्य आपल्या गुरुजींच्या घराची वाट चुकवू लागला. वाट चुकलेल्याला कुणीही हाताला धरून जागेवर आणून सोडते. चुकवणाऱ्याला कोण आणणार? गुरुजींचे घर शेजारच्या गावात, ओढ्याच्या पलीकडे. दर गुरुवारी संध्याकाळी पाच-सात प्रौढ माणसे तिथे जमत. गुरुजी चार ओळी वाचत, त्यांच्यावर तासभर बोलत, आणि चहा पिऊन मंडळी आपापल्या घरी जात. हा शिष्य त्यांतला सर्वांत जुना. शाळेत मुळाक्षरे गिरवली ती गुरुजींच्या हाताखाली, आणि चाळिशी उलटली तरी त्याचे शिकणे सुटले नव्हते. तो दसऱ्यानंतर येईनासा झाला. बाजाराला जायचे तर ओढ्यावरचा जवळचा रस्ता सोडून कोसभराचा वळसा घेऊ लागला. कुणी विचारले तर म्हणे, "कामं वाढली." कामे कुणाची वाढत नाहीत? खरे कारण एका घडी घातलेल्या कागदात होते, आणि तो कागद त्याने आपल्या दिवंगत वडिलांच्या तसबिरीमागे खोचून ठेवला होता.

हे नीट सांगायचे तर जरा मागे जावे लागेल.

शिष्याचे वडील धान्याचे व्यापारी. मापाला चोख आणि बोलायला तिखट असा त्यांचा लौकिक. उन्हाळ्यात दुकानापुढे ते दोन मोठे रांजण भरून ठेवत, आणि पाणी प्यायला आलेल्याला कधी तुझे गाव कोणते, जात कोणती, हे विचारत नसत. ते गेल्यावर मुलाला वाटले, वडिलांच्या नावाने काही करायचे तर ते पाण्याचेच करावे. कुणी त्याला देवळाचा कळस सुचवला, कुणी कमान सुचवली. पण त्याने गावाच्या चौकात बोरिंग खोदले. त्या भागात हातपंपाला बोरिंगच म्हणतात. दोनशे फुटांच्या खाली पाणी लागले, आणि काय पाणी ते. काचेसारखे स्वच्छ, वैशाखातही थंड, प्यायल्यावर तोंडात गोडवा राहणारे. शेजारी एक काळा दगड बसवला: 'कै. नागोरावजी यांच्या स्मरणार्थ, तहानलेल्यांसाठी.'

मारुतीच्या देवळामागची जुनी विहीर त्याच वर्षी ओस पडली. दोर ओढायचा कुणी, आणि पोहऱ्यात बेडूक आला तर किंचाळायचे कुणी? सगळे गाव बोरिंगावर आले. दरवर्षी आरोग्य खात्याची बाई एका छोट्या बाटलीत पाणी घेऊन जाई. पाणी दूषित असले की बाटलीतले पाणी काळे पडते. या बोरिंगाची बाटली आठ वर्षांत एकदाही काळी पडली नाही. शिष्य ती बाटली हातात धरून चौकात चारचौघांना दाखवायचा आणि म्हणायचा, "हे माझ्या वडिलांचं पाणी." अभिमान वाईट नसतो. फक्त त्याला बाटलीबाहेरचे दिसत नाही.

त्या दसऱ्याला मात्र वेगळीच तपासणी झाली. जंतूंची नव्हे, पाण्यात विरघळलेल्या धातूंची. पाणी समितीचा अध्यक्ष तोच, म्हणून कागद त्याच्याच हातात पडला. त्यावर एक शब्द होता, आर्सेनिक, आणि पुढे एक आकडा. शिष्याने प्रयोगशाळेत फोन लावला. तिकडच्या माणसाने समजावून सांगितले, की हे विष आहे, खडकातून पाण्यात उतरते, माणसाला एका दिवसात काही करत नाही, पण वर्षानुवर्षे पोटात गेले की शरीरभर उमटते. आकडा मर्यादेच्या सहापट आहे. पंपाला लाल रंग द्या, पिणे थांबवा, लोकांना सांगा. मग त्याने विचारले, "तुमच्या गावात कुणाच्या तळहातांवर, तळपायांवर खरखरीत गाठी आल्यात का? अंगावर काळे-पांढरे ठिपके?"

शिष्य फोन कानाला लावून ओसरीवर उभा होता. समोरच्या घराच्या पायरीवर कौतिका बसली होती. आपले तळहात पदराखाली झाकून.

"नाही," तो म्हणाला. "तसं कुणी नाही."

हा एक शब्द त्याने पुढे सात महिने उशाशी घेतला.

कौतिका कोण, तेही सांगतो. गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बाई. लग्नकार्यात शंभर माणसांच्या पोळ्या एकटीने लाटायची, आणि बोरिंगापाशी घागर भरायला गेली की त्या काळ्या दगडावर पाण्याचा हात फिरवून धूळ पुसायची. कुणी सांगितले नव्हते; तिला वाटायचे, पाणी पितो त्याचा दगड मळका राहू नये. गेल्या वर्षी तिच्या तळहातांवर डाळीएवढ्या कठीण गाठी आल्या आणि गळ्याखाली पावसाचे थेंब पडावेत तसे डाग उमटले. गाव म्हणजे गाव. कुणीतरी महारोगाचे नाव काढले आणि ते दुपारपर्यंत घरोघर पोचले. शाळेतली खिचडी तिच्या हातून काढून घेतली. सासूने तिचे ताट-वाटी वेगळे केले. नवऱ्याने निजायला अंगण धरले. कौतिका स्वतःच आपल्या धाकट्या लेकराला जवळ येऊ देईना. मागच्या जन्मीचे काही असेल, असे ती म्हणायची, आणि पायरीवर बसून राहायची.

शिष्याला फोन ठेवताक्षणी सगळे कळले होते. महारोग नाही, हे आपल्या बोरिंगाचे पाणी आहे. त्याने चौकात जाऊन तेवढे एक वाक्य बोलायचे होते. तो गेलाही. चौकापर्यंत गेला, दगडावरचे वडिलांचे नाव वाचले आणि परत आला. वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाला कमी मापले नाही, आणि आता लोक म्हणतील की नागोरावजींनी मेल्यावर गावाला विष पाजले. हे त्याच्याच्याने ऐकवले नसते. पुन्हा तपासून घेऊ, मग सांगू, असे त्याने मनाशी ठरवले. अशा 'मग'ला पंचांगात तिथी नसते.

पण मन अगदीच निर्ढावलेले नव्हते, आणि त्यातूनच खरी चूक झाली. काहीतरी केल्यासारखे वाटावे म्हणून त्याने समितीच्या नावाने दवंडी दिली: बोरिंगाचे पाणी उकळून प्यावे. शिकलेला माणूस, वडिलांचा मुलगा, पाणी समितीचा अध्यक्ष. गावाने शब्द मानला. घरोघर चुलीवर पातेली चढली. कौतिका तर सर्वांत निष्ठेने उकळायची. रोग धुऊन निघावा म्हणून ती पाणी अर्धे होईपर्यंत चुलीवरून उतरवत नसे.

आणि शिष्याच्या स्वतःच्या घरी? तिथे तालुक्याहून मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी येऊ लागले. धान्याच्या गाडीत पोत्यांमागे ठेवून. बायकोने कारण विचारले तर तो म्हणाला, "मला पित्त झालंय." पित्त एकट्याला झाले होते आणि पाणी चौघे पीत होते, हे काय तिला कळत नव्हते? पण तिने दुसऱ्यांदा विचारले नाही. शेजारीण आली की ती कॅनवर पोते टाकायची, बस.

असे सात महिने गेले आणि वैशाखातली अक्षय्य तृतीया आली. गावात तिला आखजी म्हणतात. या दिवशी नवी मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्या गळ्याला सूत गुंडाळतात, वर आंबा किंवा खरबूज ठेवतात आणि घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव घेऊन ती पुजतात. वरच्या वाटेवर फार ऊन असते, त्या जिवाला तहान लागते, अशी समजूत. आदल्या संध्याकाळी दूधवाल्याने शिष्याला निरोप दिला: गुरुजींनी सांगितलंय, तुझ्या वडिलांची घागर यंदा मी भरीन. सकाळी चौकात येतो. रिकामी घागर तिथंच आण.

शिष्याने निरोप ऐकला. बोलावले नाही तरी येणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणता येते. गुरूला कसे म्हणावे?

सकाळी तो कोरी घागर घेऊन चौकात पोचला, तेव्हा गुरुजी त्याच्याआधीच येऊन बसले होते. ऐंशीच्या पुढचे शरीर, डोक्याला पंचा बांधलेला, समोर तीन दगडांची चूल मांडलेली आणि तिच्यावर पितळेचा गंज, म्हणजे उभे पातेले. बाजूला पाण्याने भरलेली बादली. बोरिंगाच्या इतकी जवळ ठेवलेली, की पाणी कुठले हा प्रश्न कुणालाच पडला नाही. आखजीच्या घागरी भरायला बायका येत होत्या, त्या थांबल्या. म्हातारे जमले. गुरुजींनी बादलीतले चार लोटे मोजून गंजात ओतले, पिशवीतून मूठभर मीठ काढून त्यात टाकले, पळीने ढवळले आणि त्यातले एक वाटी पाणी काढून बाजूला ठेवले. मग चुलीत काड्या सारल्या.

"गुरुजी," म्हाताऱ्यांपैकी दौलतबुवा म्हणाले, "हे खारं पानी पितर पेतीन काय जी?"

"पाहू," गुरुजी म्हणाले.

पाणी उकळू लागले. गुरुजी उठेनात, लोकांना जा म्हणेनात. पळीने ढवळत राहिले. ऊन चढले. पूजेचा मुहूर्त टळतो आहे असे एका बाईने पुटपुटून पाहिले. शिष्य घागर कवटाळून उभा होता. तासाभराने गंजात लोटाभरच पाणी उरले. गुरुजींनी ते निवू दिले, त्यातले वाटीभर काढले, आणि दोन्ही वाट्या शिष्यापुढे धरल्या.

"चाख," ते म्हणाले. "कोणतं जास्त खारट, ते या सगळ्यांना सांग."

शिष्याने पहिली वाटी घेतली. ती ओठांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. सात महिने या पाण्याचा थेंब त्याच्या घशाखाली गेला नव्हता. हात खाली येईना आणि वरही जाईना. सगळे गाव पाहत होते. एका घोटाने कुणी मरत नाही, हे फोनवरच्या माणसाने त्याला सांगितले होते, पण ते ज्ञान त्या क्षणी कुठल्या कुठे गेले.

घोळक्याच्या मागून कौतिका पुढे आली. ती हल्ली कुणाच्या जवळ उभी राहत नसे. बायका बाजूला झाल्या म्हणून तिला वाट मिळाली. तिने पदराखालून हात काढला आणि पुढे केला.

"मले द्या. भाऊचं पित्त वाढलं असन. मी पाह्यते."

शिष्याच्या पित्ताची बातमी तिच्यापर्यंतही गेली होती, आणि तिला ती खरी वाटली होती.

"तू नको," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी वाटी तिच्या वाटेतून बाजूला केली. मग ते शिष्याच्या कानाशी वाकले आणि फक्त त्याला ऐकू जाईल असे म्हणाले, "विहिरीचं आहे. मारुतीमागच्या. पहाटे भरून, उकळून आणलंय. पी."

कागद सात महिने जे बोलला नाही, ते शिष्याचा हात आत्ता बोलून गेला होता. गुरुजींना सर्व ठाऊक होते, हे त्याला कळले. आणि सर्व ठाऊक असून त्यांनी ते चौकात मोठ्याने म्हटले नव्हते, हेही कळले. हे दुसरे अधिक लागले. त्याने दोन्ही वाट्यांतले पाणी चाखले.

"दुसरं जास्त खारट आहे," तो म्हणाला.

"किती?"

"तोंडात धरवत नाही."

"मीठ मी पुन्हा घातलं का?"

"नाही."

"मग?"

शिष्याने गंजाकडे पाहिले. कडेला पांढरी रेघ धरली होती. पाणी उडून गेले होते आणि मीठ जिथल्या तिथे होते. आणि मग त्याला आपली दवंडी आठवली. घरोघरची पातेली आठवली. समोर उभी असलेली कौतिका पाणी अर्धे होईपर्यंत आटवते, हे त्याने आपल्या ओसरीवरून रोज पाहिले होते. त्याला वाटत आले होते की निदान उकळायला तरी सांगितले, अगदीच काही केले नाही असे नाही. तेवढ्या एका समाधानावर तो जेवत होता आणि झोपत होता. ते समाधानही आता गेले.

त्याने घागर खाली ठेवली. तो घरी गेला. लोकांना वाटले रागावला. पण तो लगेच परत आला, आणि त्याच्या हातात वडिलांच्या तसबिरीमागचा कागद होता. घडीवर धूळ आणि उदबत्तीची राख बसली होती. दगडाशेजारी उभे राहून त्याने तो वाचला. सांगायला त्याला तीन-चारच वाक्ये लागली: या पाण्यात विष आहे. दसऱ्यापासून मला ठाऊक आहे. उकळल्याने ते जात नाही, वाढते. कौतिकेच्या अंगावर आहे तो महारोग नाही, हे पाणी आहे.

आरडाओरडा झाला असता तर त्याला सोपे गेले असते.

दौलतबुवांनी विचारले, "पन हे पानी तं किती साफ हाये, भाऊ. बाटली कवाच काळी नाई पडली."

उत्तर गुरुजींनी दिले. "ती बाटली जंतूंची होती. जंतू जिवंत असतात, म्हणून आचेनं मरतात. विहिरीचं पाणी खुशाल उकळा, उकळलंच पाहिजे. हे विष जिवंतच नाही, ते मरणार कसं? मिठासारखं विरघळून बसलेलं आहे. पण मिठाला निदान चव असते. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. फडक्यातून गाळा, साध्या फिल्टरमधून काढा, ते पाण्याबरोबर खाली येतं. कौतिका आठ दिवसांपूर्वी माझ्याकडे आली होती, माझं कोणतं पाप म्हणून विचारायला. मी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पाप-बिप काही नाही, गावचं पाणी तपासा. आणि हेही म्हणाल्या, की महारोग असता तरी तो औषधानं बरा होतो, त्यासाठी कुणाचं ताट वेगळं करायची गरज नसते. मी बोरिंगाची आणि विहिरीची अशा दोन बाटल्या दिल्या. काल निकाल आला, आणि बोरिंगाचा आकडा दसऱ्यालाच समितीला कळवला होता, हेही तिथं कळलं. विहिरीत हे विष नाही."

कौतिकेची सासू घोळक्यातच होती. ती खाली पाहू लागली.

"मंग आमच्या परसातल्या बोरिंगाचं काय?" एका बाईने विचारले. "तेही फेकाचं काय?"

"तपासल्याशिवाय फेकू नका आणि तपासल्याशिवाय पिऊही नका. शेजाऱ्याचं चांगलं निघालं म्हणून आपलं चांगलं असेलच असं नाही. खडक घराघराला बदलतो. ज्याचं वाईट निघेल त्याला लाल रंग. त्या पाण्यानं धुणं धुवा, आंघोळ करा, सडा घाला. पिण्याला आणि रांधायला मात्र थेंब नको, कारण भात पाण्यातलं सगळं शोषून घेतो. या विषासाठी वेगळं गाळणयंत्रही मिळतं. पण आतला मसाला वेळेवर बदलला नाही आणि पाणी पुन्हा तपासलं नाही, तर ते नुसतं डबडं. तोवर विहीर उपसा, झाका आणि दोर ओढा. हाताला घट्टे पडतील. तेवढे चालतील."

मग ते शिष्याकडे वळले. आवाज खाली आला, पण आता तो लोकांपासून लपवलेला नव्हता.

"तू माझ्याकडं यायचा थांबलास, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ती माझी चूक. तुझी चूक आता तू पाहिलीस. दसऱ्याला तुझ्याजवळ लाज होती ती चार लोट्यांतल्या मुठीएवढी. तीही तुझी नव्हती. खडकात काय आहे, हे तुझ्या वडिलांना ठाऊक नव्हतं आणि तुलाही नव्हतं. त्या दिवशी सांगितलं असतंस तर गाव हळहळलं असतं आणि विसरलं असतं. तू ती झाकून आचेवर ठेवलीस. रोज थोडी आटवलीस. दिवस वाफ होऊन गेले आणि लाज तळाला राहिली. आज ती तोंडात धरवत नाही. विष वडिलांच्या पाण्यात होतं, रे. वडिलांच्या नावात नव्हतं. नावात ते तू घातलंस, गप्प राहून."

शिष्याने काळ्या दगडावर हात ठेवला. तो म्हणाला, "हा दगड मी आजच फोडतो."

"फोडू नकोस. दगड फोडला की लोक विसरतील आणि दहा वर्षांनी कुणीतरी हाच दांडा पुन्हा हलवील. खाली एक ओळ वाढव."

"कोणती?"

"तुला ठाऊक आहे."

शिष्य लाल रंगाचा डबा आणायला घराकडे निघाला. कौतिका त्याच्या वाटेत उभी होती. तिने हात पदराखाली घेतले नव्हते.

"दसऱ्यापासून ठाऊक होतं तुमाले?"

"होतं."

"माही सासू मले येगळ्या ताटात वाढे. लेकरू जवळ आलं तं म्या त्याले लोटून देल्लं. एक डाव पडलं ते, कपाळ फुटलं त्याचं. तुमी ओसरीवर होते तवा. पाह्यलं तुमी."

"पाहिलं."

तो पुढे काहीतरी बोलू पाहत होता. क्षमेचा शब्द असावा. तिने तो येऊ दिला नाही.

"रंग मंग आना," ती म्हणाली. "आधी तुमच्या घरी जे पानी पेतात, ते एक गिलास आना."

म्हणजे पित्ताची गोष्ट तिला त्या घटकेपुरतीच खरी वाटली होती. कागद वाचून होईपर्यंत तिने दोन आणि दोन जुळवले होते. शिष्य घरात गेला. बायकोने कॅनवरचे पोते आपण होऊन काढले आणि स्टीलच्या पेल्यात पाणी भरून दिले. तिची मान वर नव्हती. पेला घेऊन तो ओसरीवरून उतरला, रस्ता ओलांडून चौकात आला. वीस-पंचवीस पावलांचे अंतर. इतके लांब तो आयुष्यात कधी चालला नव्हता.

कौतिकेने पेला दोन्ही हातांनी घेतला. गाठी आलेल्या तळहातांत तो सगळ्यांना दिसला. ती उभ्यानेच प्यायली, घाई न करता, अगदी तळापर्यंत. मग पेला त्याच्या हातात परत दिला.

"चव तं सारकीच हाये," ती म्हणाली.

एवढे बोलून ती घराकडे गेली. पायरीवर तिचे धाकटे लेकरू उभे होते. तिने त्याला उचलून घेतले आणि आत गेली. आखजीला गेलेल्या माणसाच्या जागी एकाला पितर म्हणून जेवू घालतात; त्या दुपारी गुरुजी तसे शिष्याच्या घरी जेवायचे होते. ते कौतिकेच्या घरी, तिच्या हातचे जेवले. शिष्याला तिने बोलावले नाही, आणि त्यानेही वाट पाहिली नाही. तो दगडासमोर बसून होता. विहिरीच्या पाण्याने भरलेली वडिलांची घागर बाजूला ठेवून त्याने 'तहानलेल्यांसाठी' या अक्षरांखाली लाल रंगाने लिहिले: 'हे पाणी पिऊ नये.' रंग ओघळला आणि अक्षरे वाकडी आली. दरवर्षी आखजीला तो त्यांच्यावर नवा रंग देतो, पण सरळ करत नाही.

वाचकहो, आपल्या घरच्या पाण्याची बाटली तपासायला दिली आहे का, हे एकदा आठवून पाहा. आणि निकालाचा कागद आला असेल तर तो कोणत्या तसबिरीमागे आहे, तेही पाहा.